तेरावं भूत

दोस्तांनो, तुमच्यापैकी भुताला अजिबात न घाबरणारे कोण कोण आहेत? हात वर करा बघू! अरे वा, बरेच हात दिसताहेत की! आता खरं सांगा, रात्री दिवे गेलेत, बाहेर पाऊस कोसळतोय आणि स्वयंपाकघरात एकट्यानं पाणी प्यायला जायचंय. आता किती हात वर राहिले? माझा तर नाही बुवा राहणार. पन्नाशी उलटली माझी, तरी अंधारात मांजर आडवं गेलं तर पोटात गोळा येतो.

पण आज मी तुम्हाला सांगणार आहे, ते त्या मांजराबद्दल नाही. एका जुन्या सिनेमाबद्दल आहे, एका जुन्या घराबद्दल आहे आणि मी लहानपणी केलेल्या एका चुकीबद्दल आहे. ती चूक मी परवा पुन्हा करता करता वाचलो. कुणी वाचवलं? माझ्या दहा वर्षांच्या भाचीनं!

त्याचं असं झालं. गेल्या दिवाळीत बहीण आणि भाची आमच्याकडे राहायला आल्या होत्या. भाचीनं आणि मी मिळून कामट्यांचा आकाशकंदील केला. खळ शिजवली, बोटं चिकट करून घेतली आणि शेवटी जिलेटीनचे दोन कागद उरले. एक लाल आणि एक निळा. भाची लाल कागद डोळ्यांपुढे धरून घरभर हिंडायला लागली.

"मामा, तुझं तोंड टोमॅटोसारखं दिसतंय! आणि भिंतीवरची निळी नक्षी काळी झाली बघ!"

ते ऐकलं आणि मला एकदम एक सिनेमा आठवला. मी म्हटलं, "या दोन कागदांनी भूत बघता येतं, माहीत आहे?"

"चल! काहीतरीच!"

"अगं खरंच. भुतांचा एक जुना सिनेमा आहे माझ्याकडे. बघायचा का?"

तिचे डोळे चमकले. मग लगेच चेहरा पडला. "पण आई ओरडेल. भुताचं काही बघितलं की मी रात्री झोपत नाही म्हणते ती."

बहीण भाऊबीजेच्या खरेदीला बाजारात गेली होती. मी डोळा मिचकावला आणि म्हटलं, "मग आईला नाही सांगायचं. हे आपल्या दोघांचं गुपित!"

हे वाक्य जरा लक्षात ठेवा हं. पुढे ते मला चांगलंच महागात पडणार आहे.

सिनेमाचं नाव 'थर्टीन घोस्ट्स', म्हणजे 'तेरा भुतं'. १९६० साली अमेरिकेत निघालेला. दिग्दर्शकाचं नाव विल्यम कॅसल. हा माणूस म्हणजे एक वल्लीच होती! लोकांना थिएटरात ओढून आणण्यासाठी तो काय वाटेल ते करायचा. १९५८ साली त्यानं 'मकाब्र' नावाचा सिनेमा काढला, तेव्हा जाहीर केलं, की सिनेमा बघताना भीतीनं कुणी मेलं, तर त्याच्या घरच्यांना एक हजार डॉलर मिळतील. त्यासाठी चक्क विमा उतरवला होता! पुढच्या वर्षी 'हाउस ऑन हॉन्टेड हिल' आला, तेव्हा थिएटरात प्रेक्षकांच्या डोक्यावरून तारेवरचा सांगाडा सरकत जायचा. आणि त्याच वर्षीच्या 'द टिंगलर'मध्ये काही खुर्च्यांखाली छोट्या मोटरी बसवल्या होत्या. नेमक्या भीतीच्या वेळी खुर्ची थरथरायला लागायची. विचार करा, काय किंकाळ्या फुटत असतील!

'थर्टीन घोस्ट्स'च्या वेळी त्यानं तिकिटाबरोबर प्रत्येकाला पुठ्ठ्याचं एक चष्म्यासारखं यंत्र दिलं. त्याला एक लाल पट्टी, एक निळी पट्टी. सिनेमा तसा काळापांढरा, पण भुतं यायची वेळ झाली, की सगळा पडदा निळसर व्हायचा आणि त्यावर भुतं लाल रंगात उमटायची. ज्याला भूत बघायचं असेल त्यानं लाल पट्टीतून बघावं, भूत ठसठशीत दिसेल. आणि ज्याची घाबरगुंडी उडाली असेल त्यानं गुपचूप निळ्या पट्टीतून बघावं, भूत गायब! सिनेमाच्या सुरुवातीला स्वतः कॅसलसाहेब पडद्यावर येऊन हे सगळं समजावून सांगतात.

यात जादू नाही बरं का. लाल कागद लाल उजेड तेवढा पुढे जाऊ देतो आणि निळा बराचसा अडवतो. त्यामुळे निळा पडदा काळवंडतो आणि लाल भूत झगझगतं. निळा कागद याच्या उलट करतो. लाल उजेड त्यानं अडवला, की भूतच अडलं! उरतो नुसता निळा पडदा.

हा प्रयोग घरी करायचा असेल तर एक गंमत ध्यानात ठेवा. पांढऱ्या कागदावर लाल पेन्सिलीनं भूत काढलंत, तर ते लाल जिलेटीनमधून दिसायच्या ऐवजी नाहीसं होतं! कारण पांढरा कागदही लाल दिसतो आणि लालात लाल मिसळून जातं. पडद्यावर लाल उजेड असतो, कागदावर लाल रंग असतो. म्हणून उलटं घडतं. आम्हीही आधी फसलो होतो.

तर आम्ही पुठ्ठा कापला, दोन खिडक्या पाडल्या, जिलेटीन चिकटवलं आणि पडदे ओढून, दिवे घालवून बसलो. माझ्याकडच्या डीव्हीडीत मूळ निळ्या-लाल रंगाची प्रत होती.

गोष्ट अशी. सायरस झोर्बा नावाचा एक गरीब बिचारा माणूस संग्रहालयात काम करतो. प्राचीन प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास हे त्याचं काम. हुशार आहे, पण घरात पैशांची सदा ओढ. इतकी, की हप्ते थकले म्हणून लोक येऊन घरातलं सामान उचलून नेतात. बायको, मोठी मुलगी आणि छोटा मुलगा बक, सगळे जमिनीवर बसून बकचा वाढदिवस साजरा करतात. आणि तेव्हाच निरोप येतो, की सायरसचे काका, डॉक्टर प्लेटो झोर्बा, वारले आणि सामानसुमानासकट आपलं मोठं घर पुतण्याला ठेवून गेले!

घर मिळालं म्हणून सगळे हरखून जातात. पण वकील सांगतो, घर विकता यायचं नाही, राहायचं तर राहा. शिवाय घराबरोबर आणखी एक वारसा आहे. काकांना जगभरातली भुतं जमवायचा नाद होता. घरात बारा भुतं आहेत! आणि ती वाट बघताहेत तेराव्याची.

पडद्यावर घर बाहेरून दिसलं, तेव्हा मी भाचीला सांगितलं, "हे खोटं घर नाही हं. कॅलिफोर्नियात सॅन होजे नावाच्या शहरात हे खरंच आहे. विंचेस्टर बंदुका माहीत आहेत? त्या कंपनीच्या मालकाच्या घरातली सून सारा विंचेस्टर. नवरा वारल्यावर तिच्या वाट्याला भरपूर पैसा आला. १८८६ साली तिनं एक साधं शेतघर विकत घेतलं आणि १९२२ साली मरेपर्यंत ती ते वाढवत राहिली. सुमारे १६० खोल्या! एक जिना तर वर जाऊन छताला टेकतो, पुढे रस्ताच नाही."

"का पण?"

"लोक म्हणतात, बंदुकीनं मेलेल्यांच्या भुतांना चकवायला. पण तिनं स्वतः असं म्हटल्याचा पुरावा नाही. १९०६ सालच्या भूकंपात घराचा बराच भाग पडला होता, त्यामुळेही काही जिने आणि दारं अशी अर्धवट राहिली. ती गेल्यावर घर तिकीट लावून दाखवायला सुरुवात झाली."

भाची म्हणाली, "मग भुताची गोष्ट सांगितली तर तिकिटं जास्त खपणार ना!"

बघा! दहा वर्षांची पोर, पण बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलं. भुताची गोष्ट ऐकली, की आपण 'बापरे' म्हणतो. पण 'या गोष्टीनं फायदा कुणाचा?' असं विचारत नाही. मीही नव्हतं विचारलं. ते पुढे येईलच.

सिनेमात मग भुतांची फौज सुरू झाली. जळता सांगाडा आला. स्वयंपाकघरात भांडणारा आचारी आला. एक सिंह आणि त्याचा डोकं नसलेला शिक्षकही आला! भाची आधी लाल कागदातून बघायची, मग "ई!" करून निळा लावायची, मग राहवायचं नाही, की पुन्हा लाल. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला मार्गारेट हॅमिल्टन आहे. १९३९ सालच्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'मध्ये दुष्ट चेटकीण झाली होती ना, तीच. बक तिला चेटकीणच म्हणतो. त्यामुळे प्रत्येक वेळी वाटतं, की हिच्याच मनात काहीतरी काळंबेरं आहे.

आणि तो वकील? देखणा, हसतमुख, गोडबोल्या. बकशी अगदी मित्रासारखा वागतो. एके दिवशी बकला जिन्यात दडवलेल्या नोटा सापडतात. काकांनी लपवलेला पैसा! तो धावत जाऊन वकिलालाच सांगतो. वकील गुडघ्यावर हात टेकून खाली वाकतो आणि म्हणतो, की हे घरी कुणाला सांगू नकोस, हे आपल्या दोघांचं गुपित.

भाचीनं पुठ्ठ्याचा चष्मा खाली ठेवला. म्हणाली, "मामा, हा माणूस वाईट आहे."

"कशावरून? त्यानं अजून काहीच केलं नाही."

"आईबाबांना सांगू नको म्हणाला ना!" मग ती जरा थांबली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "पण मामा... तूसुद्धा तसंच म्हणालास की."

मी सिनेमा थांबवला. खरं सांगतो दोस्तांनो, त्या बारा भुतांपैकी एकानंही मला दचकवलं नव्हतं, तेवढा मी त्या एका वाक्यानं दचकलो. कारण मी चाळीस वर्षं मागे गेलो होतो. आमच्या कोकणातल्या घराच्या माळ्यावर.

१९८१ सालचा मे महिना. मी दहा वर्षांचा होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमचं वडिलोपार्जित घर होतं. कौलारू, पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी आणि वर माळा. विजेचे दिवे होते, पण ते असून नसल्यासारखे. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले होते आणि आजी एकटी राहायची. मे महिन्यात आम्ही सगळी चुलत-आते भावंडं तिथे गोळा व्हायचो. फणस, रातांबे, आंबे आणि दिवसभर हुंदडणं!

आजोबांचे एक चुलतभाऊ शेजारच्या वाडीत राहायचे. खरं तर तेही आमचे आजोबाच, पण दिसायला तरुण, म्हणून आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या. म्हणून ते आमचे 'गोळीवाले काका'. माणूस मोठा लाघवी. पत्ते खेळताना मुद्दाम हरायचे. आणि भुताच्या गोष्टी सांगाव्यात त्यांनीच!

"माळ्यावर जाऊ नका रे पोरांनो," ते आवाज खाली आणून सांगायचे. "वर एक बाई आहे. हिरव्या लुगड्यातली. दुपारी बाराच्या ठोक्याला तिच्या बांगड्या वाजतात."

झालं! आम्ही माळ्याकडे बघायचंसुद्धा सोडून दिलं. मोठी माणसंही म्हणायची, "बरं झालं, शिडीवरून पडून हातपाय तरी मोडणार नाहीत."

एका दुपारी जेवणं होऊन सगळे लवंडले होते. मला झोप येईना. आणि खरंच, माळ्यावर काहीतरी वाजलं. खण्ण! माझ्या छातीत धडधडायला लागलं. पण त्याच सकाळी मोठ्या आतेभावानं मला सगळ्यांदेखत 'भित्री भागूबाई' म्हटलं होतं. ते मनाला फार लागलं होतं. मी शिडीला हात घातला आणि एकेक पायरी चढत वर डोकं काढलं.

वर हिरव्या लुगड्यातली बाई नव्हती. गोळीवाले काका होते. आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडी होती, खाली किल्ल्यांचा जुडगा पडला होता आणि त्यांच्या हातात कागदांची एक गुंडाळी होती.

एक क्षणभर त्यांचा चेहरा मी कधीच बघितला नव्हता असा झाला. मग लगेच ते हसले. जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास रे वाघा! तुझ्या वयाचा दुसरा असता, तर इथे आलाच नसता. हे बघ, मी तुझ्या बाबांसाठी एक गंमत करतोय. कुणाला सांगायचं नाही. तू आता मोठा झालास. हे आपल्या दोघांचं गुपित."

आणि दोन रुपयांची कोरी नोट माझ्या हातात ठेवली.

तुम्हाला वाटेल, दोन रुपयांसाठी मी गप्प बसलो. तसं नव्हतं. मला भुलवलं ते 'वाघा' या शब्दानं आणि 'तू आता मोठा झालास' या वाक्यानं. एवढी भावंडं होती, पण गुपित मात्र फक्त मला ठाऊक होतं! मी चार दिवस नुसता तरंगत होतो. शिवाय माळ्यावर चढल्याचं कळलं, तर बाबांचा मार बसणार, हेही होतंच.

पावसाळा संपला आणि आजीचं पत्र आलं. खालच्या अंगाची आंब्याची कलमं आमच्या वाट्याची नाहीतच, असं गोळीवाल्या काकांनी म्हणायला सुरुवात केली होती. 'तुमच्याकडे वाटणीपत्र असेल तर दाखवा,' म्हणाले. आणि वाटणीपत्र काही केल्या सापडत नव्हतं. आजीनं लिहिलं होतं, 'मीच कुठेतरी ठेवून विसरले असेन. हल्ली माझ्या डोक्यात काही राहत नाही.'

बाबांनी ते पत्र मोठ्यानं वाचलं. मी शेजारी बसून गणितं सोडवत होतो. माझ्या पोटात काहीतरी तुटलं. पण तोंडातून शब्द फुटेना. आज सांगू, उद्या सांगू, असं करत दिवस गेले. आणि गंमत बघा, जितके दिवस जातात, तितकं सांगणं अवघड होत जातं. आधी एकच भीती होती, माळ्यावर का चढलास म्हणतील. मग दुसरी आली, इतके दिवस का लपवलंस म्हणतील. ती दोन रुपयांची नोट मी भूगोलाच्या पुस्तकात ठेवली होती. खर्च करवत नव्हती आणि टाकवतही नव्हती.

पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. आजी ओळखू येईना, इतकी वाळली होती. रात्री मला जाग आली, तर माजघरात कंदिलाचा उजेड. आजी डब्यांमागून डबे उघडत होती. डाळीचा डबा, पापडांचा डबा, देवाच्या फडताळातली पोथ्यांची बासनं. स्वतःशीच पुटपुटत होती, "कुठे ठेवला गं बाई मी? कशी विसरले? वेड लागत चाललंय मला..."

आमची आजी बरं का! सगळ्या नातवंडांचे वाढदिवस तिथीसकट पाठ असलेली, हिशेबात एक पैसा न चुकणारी. ती आजी स्वतःला वेडी म्हणत होती. आणि ती वेडी नाही, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

मी उठलो, तिच्यासमोर जाऊन बसलो आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. माळा, ट्रंक, कागद, नोट, सगळं.

आजीनं हातातला डबा खाली ठेवला. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मला वाटलं, आता फाडकन एक बसणार. पण तिनं विचारलं, "किती दिले म्हणालास?"

"दोन रुपये."

"अगोबाई! स्वस्तात गेलास की रे मेल्या!" आणि ती चक्क हसली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "कागदाचं काय, सरकारात नोंदलेला आहे तो, नक्कल मिळेल. पण माझं डोकं ठिकाणावर आहे, हे आज कळलं. वर्षभर नीट झोपले नाही रे मी." मग मला जवळ घेऊन म्हणाली, "कुणी वडीलधाऱ्यानं सांगितलं, 'हे घरी सांगू नको', तर त्याच पावली घरी येऊन सांगायचं. मार बसला तरी सांगायचं. मार दोन दिवसांत विसरतो, हे नाही विसरत."

सकाळी बाबांना कळलं. ते मला रागावले, नाही असं नाही. पण मारलं नाही. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत दस्त नोंदवलेला होता, तिथून त्याची नक्कल मिळवण्याच्या खटपटीला ते लागले. अर्ज, फी, हेलपाटे, असं बरंच काही झालं. अखेर नक्कल मिळाली आणि कलमं वाचली.

आणि गोळीवाले काका? ते एके दिवशी नेहमीसारखे ओटीवर आले. आजीनं त्यांना चहा दिला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "भावोजी, माळ्यावरची हिरव्या लुगड्यातली बाई गेली हो. पण जाताना सगळं सांगून गेली."

काकांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि गेले. त्यांनी मूळ कागद परत केला नाही आणि पुन्हा आमच्या घरी पत्ते खेळायलाही आले नाहीत. खरं सांगू? मला त्यांची आठवण यायची. त्यांनी आमच्यावर केलेली माया सगळीच खोटी होती, असं मला अजूनही म्हणवत नाही. माणूस गोड असतो आणि लबाडही असतो, एकाच वेळी. म्हणून तर ओळखायला कठीण जातं. भुताचं बरं असतं. ते निदान भुतासारखं दिसतं!

हे सगळं मी भाचीला सांगितलं. ती गप्प बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ती नोट कुठे आहे?"

"आजीला दिली. तिनं देवापुढे ठेवली आणि मग गड्याच्या मुलाला पाटीवरच्या पेन्सिली घेऊन दिल्या."

"मग आता आपण आईला सांगायचं ना?"

"सांगायचंच."

तेवढ्यात बेल वाजली. बहीण दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी. भाचीच्या आधी मीच कबुलीजबाब देऊन टाकला, "हिला भुताचा सिनेमा दाखवत होतो. आणि तुला सांगू नको म्हणालो होतो. चुकलं माझं."

बहिणीनं माझ्याकडे असं बघितलं, की बकच्या घरातली बाराही भुतं पळून गेली असती! मग म्हणाली, "फार भयंकर आहे का?"

भाची म्हणाली, "नाही गं, गंमत आहे. भीती वाटली, की निळा कागद लावायचा."

"बरं. मग उरलेला मलाही दाखवा." आणि ती पिशव्या बाजूला ठेवून आमच्यात येऊन बसली. आता एक पुठ्ठ्याचा चष्मा तिघांत फिरायला लागला.

शेवटी काय झालं? सिनेमात प्लेटोकाकांच्या पलंगावर एक जड छत आहे, कळ फिरवली की ते खाली येतं. काकांचा बळी तशाच प्रकारे घेतलेला असतो. आणि आता तो गोडबोल्या वकील झोपलेल्या बकला त्या पलंगावर आणून ठेवतो! पैशांचं गुपित ठाऊक असलेला तो पोरगा त्याला वाटेतून दूर करायचा असतो. छत हळूहळू खाली येतंय... बहिणीनं माझा हात घट्ट धरला. भाची ओरडली, "बक, ऊठ!"

आणि बकला कोण वाचवतं, माहीत आहे? भूत! प्लेटोकाकांचं भूत त्या वकिलासमोर येऊन उभं राहतं. ज्या घराला सगळे घाबरत होते, त्या घरातलं भूतच पोराच्या मदतीला धावतं. तेरावं भूत कोण झालं, हे मी सांगत नाही. तुम्ही ओळखलंच असेल.

त्या रात्री भाची झोपली का? अगदी गाढ! बहीणच दोनदा उठून दाराची कडी बघून आली.

दोस्तांनो, काही गुपितं छान असतात बरं का. ताईच्या वाढदिवसाला तिला न सांगता केलेलं भेटकार्ड, किंवा आजोबांसाठी लपवून आणलेली नवी काठी. त्या गुपितांना उघडायचा एक दिवस ठरलेला असतो आणि तो दिवस आला, की सगळे हसतात. पण ज्या गुपिताला उघडायचा दिवसच नसतो, जे कुणीतरी 'आईबाबांना सांगू नको' म्हणून तुमच्या हातात ठेवतं, ते लगेच घरी जाऊन सांगा. बाबा रागावतील असं वाटलं तर आईला, आई रागावेल असं वाटलं तर आजीला, नाहीतर शाळेतल्या बाईंना. आणि कालच सांगायला हवं होतं, असं वाटत असेल तर आज सांगा. मी वर्ष घालवलं, तुम्ही घालवू नका.

आमचं कोकणातलं घर अजून उभं आहे. आता ते आम्हा सगळ्या भावंडांचं आहे. माळ्यावरची ट्रंकही तिथेच आहे. या मे महिन्यात भाचीला घेऊन जाणार आहे. तिनं पुठ्ठ्याचा चष्मा जपून ठेवलाय. म्हणते, "माळ्यावर जाऊन त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईला बघणार."

मी म्हटलं, "अगं, ती नव्हतीच मुळी!"

तर म्हणते कशी, "असली तर? तिला थँक्यू नको का म्हणायला?"